नदीकाठचा एनए प्लॉट, पूररेषा आणि आतेभावाचा इसार

रंकाळ्याकाठचा

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे, कारण इसार देऊन झालाय.

आतेभाऊ कोल्हापुरात एका कारखान्यात सुपरवायझर आहे. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून वैतागला. पंचगंगेच्या पलीकडं, हायवेपासून थोडं आत, दोन गुंठ्यांचा प्लॉट बघितलाय. एनए आहे, लेआउट मंजूर आहे, रस्ते आखलेत, कोपऱ्यात 'बगीचा' अशी पाटीसुद्धा रोवली आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दर आजूबाजूच्या निम्मा. स्वस्त का, असं एजंटला विचारलं तर म्हणाला, मालकाला पोरीचं लग्न काढायचंय.

मागच्या रविवारी पुण्याहून जाऊन बघून आलो. प्लॉटला लागून खताचं एक गोदाम आहे. त्याच्या निळ्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर दोन मातकट रेघा. रेघांच्या खाली रंगाचे पोपडे निघालेले, वरती रंग शाबूत. गोदामवाला चहा घेत बाहेर आला आणि मी न विचारताच म्हणाला, "खालची एकोणीसची, वरची एकवीसची. मधे वीतभर अंतर आहे बघा."

आतेभावाचं म्हणणं असं, की एनए झालंय म्हणजे कुणीतरी बघूनच केलं असेल ना? बँकही कर्ज द्यायला तयार आहे. मला यावर उत्तर देता आलं नाही. एनए, झोन, निळी रेषा, लाल रेषा हे सगळं ऐकलंय, पण डोक्यात नुसता गोंधळ आहे. जाणकारांनी सांगावं.

तांबडापांढरा

इसार किती दिलाय ते आधी सांग भावा, म्हणजे किती रडायचं ते ठरवता येईल.

आणि एक. आपल्याकडं पुराचं कौतुकच लई. जुन्या शिवाजी पुलाच्या कमानींना पाणी टेकलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणून अख्खी पेठ बघायला जाते, जाताना पोरांना खांद्यावर घेऊन. मीपण गेलोय. सुतारवाड्यातली माणसं दर साली सगळ्यात आधी गाठोडी बांधून चित्रदुर्ग मठात जातात, त्यांना विचार कौतुक कसलं असतंय ते.

प्लॉट घेऊ नको. बाकी जाणकार बोलतीलच.

प्लॉटवाला

मी याच धंद्यात आहे, त्यामुळं दुसरी बाजू मांडतो. २०१९ आणि २०२१ हे अपवाद होते. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी वेळेत सोडलं असतं तर एवढं झालंच नसतं. प्लॉट एनए आहे, क्लिअर टायटल आहे, बँक फायनान्स करतेय. तीन-चार फूट मुरमाचा भराव टाकला की प्रश्न मिटला. भीतीनं गप्प बसलात तर पाच वर्षांनी हाच प्लॉट दुप्पट दरानं घ्याल.

निवृत्त ओव्हरसियर

धागाकर्त्यांचा गोंधळ आधी सोडवतो. अलमट्टीकडं नंतर येऊ.

एनए म्हणजे बिगरशेती. जमीन महसूल कायद्याखाली शेतीऐवजी दुसऱ्या कामाला जमीन वापरायची परवानगी आणि त्याचा कर. तिथं पाणी येतं का, याचं उत्तर त्या कागदात असेलच असं नाही. झोन वेगळा. तो विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत ठरतो: रहिवास, शेती, औद्योगिक वगैरे. तो १९६६ च्या नगररचना कायद्याचा भाग. आणि पूररेषा तिसरीच. ती जलसंपदा विभाग आखतो. तीन कागद, तीन खाती. तिन्ही एकमेकांवर ठेवून बघायचं काम शेवटी गिऱ्हाइकावर येतं.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र: बाग, मैदान, उघडी मंडई, स्मशान असल्या वापराला चालतं, नवं घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे नियंत्रित क्षेत्र. तिथं बांधता येतं, पण २०२० पासून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर पाहिजे.

आता लोकांची गल्लत कुठं होते? '२५ वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस म्हणतो, २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत. त्याचा अर्थ तसा नाही. दर वर्षी ४ टक्के शक्यता, असा आहे. वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या मुदतीत असा पूर एकदा तरी घरात यायची शक्यता ५६ टक्के. लाल रेषेवरच्या घराला तीच १८ टक्के. हप्ते फिटायच्या आत. हे गणित पोरांच्या वहीत करून बघा, बरोबर येतं.

आणि हेसुद्धा जुन्या नोंदींवरचं गणित आहे. पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील, असं धरून केलेलं.

कात्रजघाट

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडं पुण्यात आंबिल ओढा आहे. कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तासा-दोन तासांत एवढं पाणी आलं की वीसहून अधिक माणसं गेली. धरण फुटलं नव्हतं, नदीला पूर नव्हता. ओढ्याची रुंदी ठिकठिकाणी भिंती घालून चोरलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी तीन मोटारी एकावर एक बसलेल्या बघितल्या. सगळ्यात वरच्या मोटारीचं वायपर चालू होतं. बॅटरी संपेपर्यंत चालू होतं ते.

कृष्णाकाठची लेक

मी सांगलीची. माहेर शामरावनगरच्या बाजूला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सखल भाग, काळी माती. शेतकऱ्यांनी गुंठा-गुंठा विकला, लोकांनी स्टँपपेपरवर घेतला आणि घरं बांधली. गटार नाही, चर नाहीत, पाण्याला जायला वाट नाही. नदीला पूर नसला तरी नुसत्या पावसानं महिना-महिना पाणी साचून राहतं. मग गुंठेवारी कायदा आला २००१ मध्ये. नियमितीकरण झालं, पुढं त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना वाढवली. घर कागदावर नियमित झालं म्हणून आई खूश होती. पाणी तेवढंच येतंय.

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर पाणी होतं, धोक्याची पातळी ४५. आम्ही दहा दिवसांनी घरी परतलो. दार उघडेना, कारण फ्रीज आतून दाराला आडवा येऊन पडला होता. गॅसची टाकी पोटमाळ्यावर. तांदळाच्या पिंपात तांदूळ नव्हते, काळी खीर होती. आईनं खराटा घेतला आणि पहिल्यांदा देव्हारा न धुता मीटरची पेटी धुतली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की पंचनाम्याला मीटरचा फोटो लागतो. ते खोटं निघालं.

प्लॉटवाला साहेब, 'तीन-चार फूट भराव' म्हणालात ना? आमच्या शेजारच्यानं तेच केलं. तेव्हापासून साध्या पावसालासुद्धा पाणी आमच्या स्वयंपाकघरात येतं.

निवृत्त ओव्हरसियर

ताईंचा शेवटचा मुद्दा आकड्यात सांगतो. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट. गोदामावरची रेघ डोक्याच्या वर, म्हणजे सात फूट धरू. तेवढा भराव सबंध प्लॉटवर टाकला तर पंधरा हजार घनफुटांच्या वर मुरूम. पुरात त्या जागी जे सव्वाचार लाख लिटर पाणी उभं राहायचं, ते आता कुठं राहणार? शेजारी. एका प्लॉटनं नदीला काही फरक पडत नाही, मान्य. पण लेआउटमध्ये शंभर प्लॉट आहेत आणि असे लेआउट शिरोलीपासून पार खालपर्यंत आहेत.

मळीची रानं म्हणायचो आम्ही त्या पट्ट्याला. दर चार-पाच वर्षांनी पूर येणार, गाळ टाकून जाणार, ऊस-भाजी जोरात येणार. जुनं कोल्हापूर बघा: अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, ब्रह्मपुरीची टेकडी. २०१९ ला आणि २०२१ ला तिथं पाय ओला झाला नाही. त्या माणसांकडं काँटूरचा (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा) नकाशा नव्हता, पण गाव कुठं आणि रान कुठं हे ठरलेलं होतं. वरती गाव, खाली मळी. हेच भूवापर नियोजन, फक्त त्याला कचेरी नव्हती.

अलमट्टीबद्दल: २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारनंच नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडता येणार नाही, असाच समितीचा निष्कर्ष होता. कमी दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर बोट होतं. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ च्या वर न्यायला आपला विरोध असावा, माझाही आहे. पण तेवढ्या एका मुद्द्यावर सगळं ढकललं की आपल्या हातातल्या गोष्टींबद्दल कुणी बोलत नाही. अलमट्टी दोनशे किलोमीटरवर आहे. भराव आपल्या खिडकीतून दिसतो.

तांबडापांढरा

हायवेचा भराव पण लिहा की काका. शिरोलीजवळ हायवे म्हणजे आडवा बांधच झालाय. २०१९ ला आठवडाभर बंद होता. शहरात पेट्रोल नाही, दूध नाही. भराव काढून पिलरवर रस्ता घ्या म्हणून बोंबलतोय आम्ही किती वर्षं.

आणि शहरातलं सांगतो. गांधी मैदानात दर पावसाळ्यात तळं होतंय म्हणून पेपरात फोटो येतोय. अरे ते तळंच होतं! वरुणतीर्थ. नाव अजून वेशीला आहे. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं होतं. कपिलतीर्थाची मंडई झाली. तळी बुजवली आणि आता स्टॉर्म वॉटरचं टेंडर काढतोय.

नियोजिका

मी नगररचनाकार आहे. सरकारी नोकरीत नाही. दोन-तीन गोष्टी जोडते.

पहिली, हवामानाची. हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास आहे: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस तेवढा वाढलेला नाही. म्हणजे तोच पाऊस कमी दिवसांत, धबाबा. कोल्हापूरकरांना हे पाठच आहे: २००५, २०१९, २०२१. सोळा वर्षांत तीन मोठे पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, आणि शेवटच्या दोन्ही पुरांत पाणी ५५ च्या पुढं. मग आपण जिला 'शंभर वर्षांची' म्हणतो ती रेषा खरंच शंभर वर्षांची राहिली आहे का?

दुसरी गोष्ट म्हणजे विकास योजना वीस वर्षांसाठी करतात. करायलाच अनेकदा पाच-सात वर्षं जातात. जुन्या पावसावर आखलेली रेषा, त्यावर जुनी योजना, आणि त्या योजनेवर उद्याची पन्नास वर्षं उभी राहणारी घरं. भिंत बांधायची, नदी खोल करायची, पंप बसवायचे, याला पैसा दर वर्षी लागतो. जमिनीच्या तुकड्यावर 'इथं घर नको' असं आधीच लिहायला शाई लागते. पण ती शाई राजकीयदृष्ट्या फार महाग पडते, कारण त्या तुकड्याचा मालक मतदार असतो आणि पुढच्या पुरात बुडणारा भाडेकरू अजून तिथं राहायला आलेला नसतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसतं 'नदीकाठी नको' म्हणून भागत नाही. मग कुठं, हे सांगावं लागतं. कोल्हापूर महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर. हद्दवाढीवर दोन पिढ्या भांडल्या. शेवटी २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण झालं. उंचावरची, सुरक्षित जागा महाग, कारण ती थोडी आणि तिथं बस नाही, पाणी नाही. स्वस्त जागा नेमकी पूरपट्ट्यात. धागाकर्त्यांच्या आतेभावाला नदीकाठची हौस नाही. त्याच्या पगारात बसणारी जागा तीच आहे. नियोजनाचं अपयश मला तिथं दिसतं. पूररेषा पाळायची असेल तर उंचावर कामगाराला परवडेल असा दोन गुंठ्यांचा प्लॉट नाहीतर फ्लॅट तयार पाहिजे.

वाशिष्ठीचा गाळ

चिपळूणहून. नियोजिका यांचं पटतं, पण आमची बाजू पण ऐका.

२२ जुलै २०२१. बाजारपेठेत पहिला मजला बुडाला. तुम्ही बातम्या बघितल्या असतील. त्यानंतर पूररेषा चर्चेत आली आणि नकाशा बघितला तर जवळजवळ सगळी बाजारपेठच आत! आता सांगा. आमचं दुकान पणजोबांचं. जुनं घर पाडून नवं बांधायचं तर परवानगीला खेटे. विकायचं तर गिऱ्हाईक नाही. रेषा आखणाऱ्यानं गाव उठवा असं लिहिलेलं नाही, पण गाव तसंच ठेवा असंही म्हणता येत नाही. मधल्यामधे आम्ही. म्हणून लोक रेषेच्या विरोधात उठले आणि आधी गाळ काढा म्हणून उपोषणाला बसले. गाळ निघाला पुष्कळ, फरकही पडला.

नव्या लेआउटला रेषा दाखवणं सोपं आहे हो. चारशे वर्षांच्या गावाला ती दाखवायची कशी?

निवृत्त ओव्हरसियर

प्रश्न रास्त आहे. जुन्या अधिकृत घरांच्या पुनर्बांधणीला नियमात वाट ठेवली आहे, जोतं उंच करण्याच्या अटीवर. पण बाजारपेठेत जोतं आठ फूट उंच केलं तर गिऱ्हाईक शिडी लावून येणार का, हे नियम लिहिणाऱ्यानं बघितलेलं दिसत नाही. माझ्याकडं याचं सोपं उत्तर नाही. तळमजला रिकामा ठेवून वर दुकान, हे चौकातल्या दुकानाला चालतं, गल्लीतल्या किराणावाल्याला चालत नाही.

डेल्फ्टहून

मी गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, पाण्याच्याच क्षेत्रात. मूळचा इचलकरंजीचा. इथलं एक उदाहरण देतो. 'परदेशात बघा कसं' असा सूर लागला तर चापट मारा.

१९९५ मध्ये इथं ऱ्हाइन आणि म्यूज नद्यांच्या पुरात सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. शेकडो वर्षं हे लोक बांध उंच करत आले होते. त्यानंतर ठरवलं की आता उंची पुरे, नदीला जागा द्यायची. कार्यक्रमाचं नावही तेच: नदीसाठी जागा. तीसहून जास्त ठिकाणी कामं झाली, खर्च २३० कोटी युरोंच्या आसपास. नायमेखेन शहराजवळ बांध ३५० मीटर मागं घेतला, वाटेतली पन्नासेक घरं पाडली आणि नदीला दुसरा प्रवाह काढून दिला.

मला जास्त भावतं ते ओव्हरडीप नावाचं पोल्डर, म्हणजे बांध घालून राखलेलं सखल रान. तिथले शेतकरी स्वतःच प्रस्ताव घेऊन गेले, की आमचं रान पुराला द्या, पण आम्हाला इथंच राहू द्या. मग मातीचे उंच ओटे करून त्यावर आठ शेतघरं गोठ्यांसकट बांधली. मी जाऊन आलोय. गाई ओट्यावर, रान खाली. पूर आला की खालच्या रानात पाणी घेतात. तिथल्या एका बाईंनी सांगितलं की चर्चेतच दहा वर्षं गेली. आणि तिथून हललेल्यांना मोबदला मिळाला, नुसतं आश्वासन नाही.

तांबडापांढरा

भावा चापट नाही मारत, पण ऐक. तिथं आठ घरं. इथं एकट्या शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं आहेत.

आणि आपल्याकडं पण केलंय की! प्रयाग चिखली, आंबेवाडी. १९८९ च्या पुरानंतर दोन्ही गावांना सोनतळीला प्लॉट दिले. आता काय होतंय? पाणी वाढलं की माणसं, म्हसरं, ट्रॅक्टर सगळं सोनतळीला. पाणी उतरलं की परत खाली. रान खाली, डेअरी खाली, देव खाली. माझा मेव्हणा चिखलीचा आहे. त्याला म्हटलं, कायमचा वर राहा की. तर म्हणतो, पहाटे चारला म्हशीची धार काढायला रोज वरनं खाली कोण येणार, तू?

नियोजिका

मेव्हण्यांनी पुनर्वसनाच्या जाडजूड अहवालापेक्षा नेमकं सांगितलं. प्लॉट दिला, गोठ्याची आणि चाऱ्याची जागा दिली नाही, कामाची वाट लांब केली, तर घर हलत नाही. ओव्हरडीपच्या ओट्यावर गोठा होता, हा फरक आहे.

मांडवीपार

गोव्याहून वाचतोय. आमच्याकडं खाजनं आहेत. भरतीच्या पातळीच्या खालची जमीन, बांध घालून आणि मानस (पाण्याचं लाकडी दार) बसवून शेकडो वर्षं भात पिकवलेली. शेती थांबली की बांध फुटतो, खारं पाणी शिरतं, कुळागरापर्यंत (पोफळीच्या बागेपर्यंत) पोचतं. मग कुणीतरी म्हणतं, पडीक आहे, झोन बदला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आलं. प्रादेशिक आराखड्यातली 'नजरचुकीची' नोंद दुरुस्त करायची म्हणून प्लॉटमागून प्लॉट शेतीतून रहिवासात. लोक कोर्टात गेले. नकाशातली चूक नेहमी एकाच बाजूला कशी दुरुस्त होते, एवढंच विचारायचं आहे.

कृष्णाकाठची लेक

अवांतर, पण राहवत नाही. नृसिंहवाडीला कधी पुरात गेलात का? पाणी चढतं तसं पादुकांवरनं जातं आणि दक्षिणद्वारानं बाहेर पडतं. लोक त्या पाण्यात स्नान करतात, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. अजून चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मठात हलवतात. उतरलं की परत खाली. देवाचं हलायचं ठरलेलं आहे, कुठं जायचं ते ठरलेलं आहे. आमच्या गल्लीचं काहीच ठरलेलं नाही. दर वेळी बोट आली की तेव्हा विचार: डावीकडं जायचं का उजवीकडं.

प्लॉटवाला

चर्चा छान चाललीय, पण सगळ्यांनी नोकऱ्यांच्या जोरावर बोलू नये. शेतकऱ्याच्या जमिनीवर तुम्ही रेघ मारता, तिची किंमत एका रात्रीत निम्मी होते. त्याला काय देता? बाग आणि मैदान म्हणून आरक्षण टाकायचं आणि वीस वर्षं भूसंपादनाला पैसे नाहीत म्हणायचं. मग तो गुंठ्यानं विकतो. मी विकलं नाही तर दुसरा विकतो.

निवृत्त ओव्हरसियर

या एका मुद्द्यावर प्लॉटवाले यांच्याशी सहमत. रेघेच्या आतल्या मालकाला टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसरीकडं वापरायची किंवा विकायची मुभा) किंवा रोख, काहीतरी वेळेत हातात पडलं पाहिजे. नाहीतर रेघ टिकत नाही, हे मी नोकरीत चार वेळा बघितलंय. दगडाच्या खुणा रोवायचो. पुढच्या उन्हाळ्यात खुणा गायब. एकदा एक खूण एका वाड्याच्या पायरीला बसवलेली सापडली. चांगला घडीव दगड, वाया का घालवा.

रंकाळ्याकाठचे, तुम्ही आता एवढं करा. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पूररेषेच्या नकाशावर गट नंबर कुठं येतो ते लेखी मागा, तोंडी नको. वकील तीस वर्षांचा सर्च घेईल, पण तो मालकीचा. पुराचा सर्च गोदामाच्या भिंतीवर आहे, तो तुम्ही घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसाळ करा आणि वरच्या रेघेपासून प्लॉटच्या मधल्या खुंटीपर्यंत पातळी आणा.

रंकाळ्याकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण कागद. एका कार्यालयात सांगितलं नकाशा दुसरीकडं, दुसरीकडं सांगितलं 'ऑनलाइन आहे', ऑनलाइन उघडलं तर फाईल एवढी धूसर की नदी आणि रस्ता एकाच रंगाचे. शेवटी एका भल्या माणसानं मोठ्या कागदावरचा नकाशा टेबलावर पसरून दाखवला. गट निळ्या आणि लाल रेषेच्या मधे येतो. निळ्या रेषेपासून तीन प्लॉट अलीकडं. लेआउट रेषा आखायच्या आधीचा आहे. म्हणजे कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. ते बघून उलट जास्त धडकी भरली.

रविवारी मी, आतेभाऊ आणि गोदामवाला असे तिघांनी नळी धरून पातळी आणली. वरची रेघ प्लॉटच्या मध्यापासून बरोबर सात फूट. लाल रेषेची पातळीही तेवढीच मानून त्यावर नियमातलं दीड फूट धरलं तर साडेआठ फुटांचं जोतं. सहा इंचांची पायरी धरली तर सतरा पायऱ्या. आतेभाऊ तिथंच खाली बसला आणि मोबाईलवर आत्याला फोन लावला. गुडघ्याची ऑपरेशन झाल्यात तिची. आत्या म्हणाली, "सतरा पायऱ्या मी आता जोतिबालासुद्धा चढत नाही."

प्लॉट सोडला. इसार ५१ हजार होता, तांबडापांढरा. अकरा परत मिळाले. सध्या उंचावर, रिंगरोडच्या बाजूला वन बीएचके बघतोय, पण नियोजिका म्हणतात तसं दर ऐकून तो गप्पच होतो.

तांबडापांढरा

चाळीस हजारांत सुटलास भावा. घर बांधून मग कळलं असतं तर?

रंकाळ्याकाठचा

खरंय. एक राहिलंच सांगायचं. काल गोदामवाल्याचा फोन आला होता. तोच प्लॉट आठ दिवसांत दुसऱ्याला गेला. परवापासून मुरमाचे डंपर चालू झालेत. विचारत होता, "तुमच्या त्या ओव्हरसियर साहेबांना विचारा की, आता माझी रेघ किती वर जाईल?"